पावतीच्या आधीचे पैसे

बँकेने माझ्या शैक्षणिक कर्जाचं खातं बंद करून बेबाकी दाखला दिला, तो मी अजून जपून ठेवला आहे. मूळ रक्कम, व्याज, शेवटचा हप्ता भरल्याची तारीख, सगळं त्यावर आहे. ही बाई बँकेच्या पैशावर नर्स झाली, असं तो कागद वाचून कोणी म्हटलं तर त्यात खोटं काही नाही. पण बँकेचा पहिला रुपया निघण्याआधी भरावे लागलेले २५ हजार त्या कागदावर नाहीत, आणि ते कसे जमले हे दुसऱ्याही कुठल्या एका कागदावर नाही. मला लिहायचं आहे ते त्यांच्याबद्दल.

मी २००५ साली बारावी झाले. आमचं गाव गडहिंग्लज तालुक्यात, हिरण्यकेशीच्या काठाला. दीड एकर रान, दोन म्हशी, उसाच्या कडेने आईने लावलेली मिरची. गावात दरमहा पगार घेणाऱ्या बायका दोनच होत्या, शाळेतल्या बाई आणि उपकेंद्रातल्या सिस्टर. त्यामुळे बारावी झालेल्या मुलीपुढे वाटाही दोनच. डीएडची यादी त्या काळात इतकी वर लागायची की माझ्यासारखीने नुसता फॉर्म भरणं म्हणजे फॉर्मचे पैसे घालवणं. राहिलं नर्सिंग. सरकारी नर्सिंग स्कूलला फी नावापुरती आणि वर विद्यावेतन मिळतं, हे सिस्टरांनी सांगितलं होतं. तिथल्या जागा मोजक्या, यादीत माझं नाव आलं नाही. मग मिरज.

आमच्या भागात कोणी फार आजारी पडलं की ‘मिरजेला न्या’ म्हणतात, आणि ते काही आजचं नाही. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी तिथे १८९४ मध्ये दवाखाना काढला, १९६२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि जंक्शन असल्यामुळे अर्ध्या उत्तर कर्नाटकातले पेशंट रेल्वेने उतरू लागले. जिथे इतके दवाखाने तिथे नर्सिंग शिकवणाऱ्या संस्थाही आल्याच. त्यातल्या एका खाजगी शाळेत मला जीएनएमला जागा मिळत होती. साडेतीन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यात शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. फी वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास, होस्टेल आणि मेस वेगळी. पहिला हप्ता २५ हजार, आणि तो भरायला मोजून आठवडाभराची मुदत.

शैक्षणिक कर्ज असतं हे आम्हाला माहीत होतं. बँकांच्या संघटनेने २००१ मध्ये नमुना योजना केली होती. चार लाखांपर्यंत तारण नाही, तिऱ्हाईत जामीनदार नाही, आईवडिलांनी सहकर्जदार म्हणून सही करायची, शिक्षण संपून वर्ष झाल्यावर किंवा नोकरी लागून सहा महिने झाल्यावर, जे आधी होईल तेव्हापासून हप्ते सुरू. कागदावर ही योजना चांगली होती, आणि पुढे ती मला उपयोगी पडलीच, त्यामुळे तिला नावं ठेवायचा माझा विचार नाही. शाखेतल्या साहेबांनी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, खुर्ची दिली, माझे मार्क पाहिले आणि म्हणाले, “कर्ज होईल. संस्थेचं पत्र आणि प्रवेश घेतल्याची पावती आणा.” मिरजेतल्या शाळेचा क्लार्क म्हणाला, “पहिला हप्ता भरा, पावती आत्ता देतो.”

दोघांचंही बरोबर होतं. जागा पक्की नसलेल्या मुलीला बँक कर्ज कशाला देईल, आणि पैसे न भरलेल्या मुलीसाठी शाळा जागा कशी अडवून ठेवील? कोणी आम्हाला अडवत नव्हतं, कोणी चहापाण्याचे पैसे मागत नव्हतं. तरी आम्ही दोघांच्या मध्ये उभे होतो आणि तिथे पाय ठेवायला २५ हजार लागत होते. ज्यांच्या घरात तेवढी शिल्लक असते त्यांना ही फट दिसतच नाही, ते ती सहज ओलांडून जातात आणि नंतर मुलाला सांगतात की तुझं शिक्षण कर्जावर झालं.

आप्पांना बँकेची भीती नव्हती. त्यांना भीती होती माणसांच्या देण्याची, आणि तिला कारण होतं. ते लालबागला गिरणीत होते. आमच्या भागातल्या पुष्कळ गावांच्या तिकडे खोल्या असत. पाळीपाळीने झोपायचं, जेवायला जवळच्या खानावळीत जायचं, महिन्याच्या पगाराला हिशेब करायचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख माणसं बाहेर पडली. आज मिटेल उद्या मिटेल म्हणता म्हणता महिने गेले, आणि त्या महिन्यांत आप्पा ज्या बाईंकडे जेवत तिने एकदाही ताट आखडलं नाही. वहीत मांडून ठेवत राहिली. गिरणगावात अशा पुष्कळ जणी होत्या. संपांच्या काळात उधारीवर जेवू घालणाऱ्या ह्या बायकांच्या गळ्याशी स्वतःचंच कर्ज यायचं. त्यांना सावकारापासून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठीच प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं. आप्पा शेवटी गावी परत आले ते त्या बाईंची बाकी अंगावर घेऊन. पुढे गुळाच्या पट्टीतून आणि एक रेडी विकून त्यांनी ती फेडली, गावच्या माणसाबरोबर पाठवून. हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही, आईने सांगितलं. ते स्वतः एवढंच म्हणत, “सोसायटीचं काय, ती मार्चला नवंजुनं करून देती. माणसाचं नवंजुनं न्हाई हुईत.”

तेव्हा पूर्ण रक्कम बँकेची आणि माणसाचा एक पैसा नको, हा त्यांचा बेत. आणि नियमांची मांडणी अशी की बँकेच्या दारापर्यंत जायचं तर आधी माणसांच्याच दारातून जावं लागत होतं.

मुदत अर्थातच चुकली असती. पण त्या वर्षी जुलैच्या शेवटी आणि ऑगस्टच्या सुरुवातीला आभाळ फाटलं. मुंबईचा २६ जुलै सगळ्यांच्या लक्षात आहे. इकडे कृष्णा आणि पंचगंगाही पात्राबाहेर गेल्या होत्या, सांगलीत पाणी शिरलं होतं, मिरजेचे रस्ते बंद. शाळेने प्रवेशाची तारीख पुढे ढकलली. लोकांची घरं पाण्यात असताना आपल्याला दिवस मिळाले म्हणून बरं वाटावं, हे विचित्रच. पण वाटलं खरं.

आईची भिशी होती. वीस बायका, महिन्याला ३०० रुपये, म्हणजे सहा हजारांची भिशी. काही ठिकाणी बोलीची भिशी असते, ज्याला घाई तो कमी पैशावर उचलतो. आमच्या गल्लीत चिठ्ठीची होती. स्टीलच्या डब्यात नावांच्या घड्या टाकायच्या, लहान पोराकडून एक उचलून घ्यायची, नाव निघालं की त्या महिन्याचे पैसे तिचे, आणि ती चिठ्ठी पुन्हा डब्यात नाही. वरवर बघता सगळ्याजणींना सारखेच मिळतात. पण पहिल्या नंबरवालीला खरं तर बिनव्याजी कर्ज मिळतं आणि विसाव्या नंबरवालीने दीड-पावणेदोन वर्षं दुसऱ्यांना बिनव्याजी पैसे दिलेले असतात. हे गणित भिशीतल्या प्रत्येक बाईला कळतं, तोंडाने कोणी काढत नाही.

ऑगस्टची चिठ्ठी निघाली कोपऱ्यावरच्या काकीची. त्यांचा गोठा गळत होता आणि त्या भिशीकडे पत्र्यासाठीच डोळे लावून बसल्या होत्या, हे सगळ्यांना माहीत. आईने कोणाला काही मागितलं नव्हतं. ती मागणारी बाई नाही, निवडायचे तांदूळ पुढ्यात घेऊन गप्प बसली होती. काकी पैसे मोजून झाल्यावर म्हणाल्या, “माझा नंबर हिला द्या. हिचा निघंल तवा मी घेतो.” एक-दोघी म्हणाल्या, अगं गोठ्याचं काय? तर काकी, “गोठा काय आज गळायलाय व्हय? म्हशीला भिजायची सवय हाय.”

आईचा नंबर निघाला तो अगदी शेवटून दुसरा. म्हणजे काकींनी सहा हजार दिले ते दीड वर्षासाठी, आणि मधला एक पूर्ण पावसाळा गोठ्यावर प्लास्टिकचा कागद टाकून काढला. या दीड वर्षात त्यांनी एकदाही आईला ऐकवलं नाही, आणि गोठ्याकडे बघून सुस्काराही टाकला नाही. त्या आमच्याकडे पूर्वी जितक्या वेळा साखर मागायला येत तितक्याच येत राहिल्या. देणाऱ्याने जाणं-येणं वाढवलं तरी घेणाऱ्याला टोचतं, कमी केलं तरी टोचतं. काकींनी ते नेमकं होतं तसं ठेवलं. मला हे त्या वेळी कळलं नाही. पुढे वॉर्डात माणसांना मदत करायचा धंदाच पत्करल्यावर कळलं, की असं वागता येणं हे किती अवघड कसब आहे.

दूध संस्थेकडून पाच हजारांची उचल मिळाली. आमच्याकडे दुधाचं बिल दर दहा दिवसांनी होतं आणि दिवाळीला फरक मिळतो. सचिवांनी वहीत आमच्या खात्यावरचं वर्षभराचं दूध बघितलं, दिवाळीचा फरक किती बसेल ते बोटावर मोजलं आणि तेवढ्याच बेताची रक्कम दिली. एक रुपया जास्त नाही. दर बिलाला कापून घ्यायचं ठरलं. तो काही उपकार नव्हता, चोख व्यवहार होता, आणि आप्पांना सगळ्यात कमी त्रास झाला तो या पैशांचा. त्रास घरात झाला. उचल फिटेपर्यंत थेंबन् थेंब दूध संस्थेत गेलं आणि घरात कोरा चहा आला. धाकटा भाऊ त्या चहाला ‘ताईचा चहा’ म्हणायचा. अजूनही म्हणतो.

सगळ्यात मोठी रक्कम आत्तीची. माझी आत्ती इचलकरंजीला. तिचे मालक मागावर कामाला आणि तीही कांड्या भरायची. तिच्याकडे मोडण्यासारखी एक वस्तू होती, बोरमाळ. ती तिने पतसंस्थेत तारण ठेवून नऊ हजार काढून दिले. आमच्याकडे शाळेत दर वर्षी कर्मवीर भाऊराव पाटलांची जयंती व्हायची आणि बोर्डिंगातल्या मुलांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपलं मंगळसूत्रसुद्धा दिल्याची गोष्ट सांगितली जायची. ती सांगताना आमच्या बाईंचा आवाज कापरा व्हायचा. आत्तीच्या प्रसंगात कापऱ्या आवाजाला वावच नव्हता. तिने आप्पांना बाजूला बसवलं आणि बोलली ती माझ्याशी. “हे बघ, पैसे तुझ्या बाला देत न्हाई, तुला देतो. व्याज तू भरायचंस. दर सहा महिन्यांनी पावती मला आणून दाखवायचीस. बाला मागायचं न्हाई. आपल्या माहेरात एक तरी पगारवाली बाई असूदे म्हणून देतो, पण हिशेब म्हंजे हिशेब.”

मला तेव्हा राग आला होता. शिकायला निघालेल्या मुलीने व्याज कुठून भरायचं? वाट सापडली ती आईच्या डंकाच्या चटणीतून. आमची मिरची संकेश्वरी, रंगाने लाल आणि चवीला नुसती जळजळीत नाही. पहिल्या दिवाळीत मी एक डबा होस्टेलवर नेला, मेसच्या पाणचट आमटीला उतारा म्हणून. तो मुलींनी चार दिवसांत फस्त केला. मग वॉर्डातल्या एका सिस्टरांनी अर्धा किलो मागितली, त्यांच्याकडून ऑपरेशन थिएटरमधल्या बाईंनी, असं करत करत दर सुट्टीनंतर माझ्या पिशवीत पुस्तकांपेक्षा चटणी जास्त असायची. आत्तीचं व्याज त्यावर सुटलं. पतसंस्थेची पावती मी तिला नेऊन दाखवली की ती चष्मा लावून तारीख बघायची, मग जेवायला वाढायची. आधी तारीख, मग जेवण.

उरले पाच. दोन हजार घरात होते. तीन हजारांसाठी आप्पा मुंबईला गेले. लालबागची खोली अजून गावाच्या मंडळाकडे होती. गिरण्या बंद पडल्या, माणसं वॉचमन झाली, कुरिअरची झाली, काही नालासोपाऱ्याला राहायला गेली, पण मंडळ टिकलं होतं. वर्गणी, पूजा, आणि कोणी वारलं तर गावी न्यायची गाडी, ही त्याची कामं. शिक्षणासाठी पैसे देण्याची प्रथा नव्हती. बैठक भरली तेव्हा आप्पा स्वतःहून बाहेर जिन्यात जाऊन बसले, समोर असलं की नाही म्हणायला लोकांना जड जातं म्हणून. आत बरीच बोलाचाली झाली. मुलीला कशाला, असं म्हणणारे होते. आपल्या मंडळाला पायंडा पडेल, असं म्हणणारे त्याहून जास्त होते, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, कारण पुढे खरोखरच पडला. शेवटी वहीत ‘शैक्षणिक मदत, परतफेडीची’ असं लिहून तीन हजार मंजूर झाले. गावातल्या एका जुन्या सोबत्याने, जो संपाच्या काळात त्याच खानावळीत आप्पांच्या शेजारी बसून जेवला होता, त्याने फक्त एवढंच विचारलं म्हणे, की आपल्याला त्या बाईने वहीत मांडून जेवू घातलं तेव्हा तिने पायंड्याचा विचार केला असता तर?

असे २५ हजार झाले, पावती झाली, कर्जाचा अर्ज आत गेला. मंजुरी यायला डिसेंबर उजाडला. बँकेने पुढच्या हप्त्याचा डिमांड ड्राफ्ट थेट शाळेच्या नावाने काढला. आधी भरून झालेल्या फीचे पैसे मागे देता येणार नाहीत, असं शाखेत सांगण्यात आलं. म्हणजे भिशी, दूध संस्था, बोरमाळ आणि मंडळ हे सगळं आमच्याच अंगावर राहिलं, बँकेच्या खात्यात त्याची सावलीसुद्धा पडली नाही.

मिरजेत आल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. फीचा आकडा निदान छापलेला असतो. बाकीचं छापलेलं नसतं. पांढरे बूट, दोन युनिफॉर्म आणि तिसरा लागतोच, कारण एक वाळत असतो आणि एकावर बीटाडीन सांडलेलं असतं. कात्री, आर्टरी फोर्सेप, थर्मामीटर, प्रोसिजरच्या वह्या, केस स्टडीच्या फायली, महिन्याची मेस. सेकंदकाट्याचं घड्याळ तर हवंच. नाडी मोजायची, श्वास मोजायचे, सलाईनचे थेंब मोजायचे, त्याच्याशिवाय पहिल्या दिवसापासून अडतं. आप्पांचं एचएमटी मी हातात घालून गेले. माझ्या मनगटाला ते इतकं मोठं होतं की पट्ट्याला खिळ्याने दोन भोकं जास्तीची पाडली होती. ट्यूटर बाईंनी रांगेत प्रत्येकीचं सामान तपासलं. माझ्याकडे आल्या, घड्याळ बघितलं, “काटा फिरतोय ना?” म्हणाल्या आणि पुढे गेल्या. 

बाकीचं सामान थोरल्या मुलींकडून आलं. होस्टेलवर रीत होती की तिसऱ्या वर्षाची मुलगी बाहेर पडताना आपल्या वह्या, रॉस आणि विल्सनचं शरीरशास्त्राचं जाडजूड पुस्तक, जमलं तर युनिफॉर्मसुद्धा खालच्या वर्षाच्या एखाद्या मुलीला देऊन जायची. मला ज्या मुलीने दिलं ती विजापूरकडची. वॉर्डात अर्धे पेशंट कन्नड बोलणारे. मला सीमेवरच्या गावामुळे मोडकंतोडकं समजायचं, पण ‘एल्ली नोवु?’ म्हणजे कुठे दुखतंय, हे नीट स्वरात विचारायला तिने शिकवलं. तिच्या पुस्तकात पहिल्या पानावर तिच्याही आधीच्या तीन मुलींची नावं होती.

शाहू महाराजांचं थोरपण मला शाळेच्या पुस्तकात जितकं कळलं नाही तितकं मेसचं बिल भरताना कळलं. कोल्हापुरात १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, मग जैन, लिंगायत, मुस्लिम, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. राजाला फी माफ करणं सोपं होतं. पण खेड्यातलं पोर शहरात अडतं ते झोपायच्या जागेला आणि दोन वेळच्या भाकरीला, हे ओळखून त्यांनी एकामागून एक वसतिगृहं काढायला लावली. आजही मुलींना फी माफ, अमक्या गटाला फी परत, अशा घोषणा होतात आणि त्या चांगल्याच आहेत. मी मात्र ती बातमी वाचली की आधी मेसचा आकडा शोधते. तो सापडत नाही.

२००९ मध्ये अभ्यासक्रम पूर्ण झाला. मग निकाल, मुंबईला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, तिचा नंबर हातात येईपर्यंत कुठलंही चांगलं हॉस्पिटल पूर्ण पगारावर घेत नाही, म्हणजे शिक्षणाच्या शेवटीही सुरुवातीसारखीच एक फट. ती मी कोल्हापुरात एका मैत्रिणीच्या घरी राहून काढली. पहिली नोकरी पुण्यात, पगार सात हजारांच्या आतबाहेर, आणि सहा महिन्यांनी बँकेचा २,८०० चा हप्ता सुरू. केंद्र सरकारची व्याज अनुदानाची योजना २००९-१० या शैक्षणिक वर्षापासून लागू झाली, साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांसाठी, शिकत असतानाच्या काळाचं व्याज सरकार भरणार. माझं शिक्षण नेमकं त्याच्या आधी संपलेलं. असो. कोणाला तरी कुंपणाच्या अलीकडे राहावंच लागतं.

माणसांचं देणं मी बँकेच्या आधी फेडलं. आप्पांचीच सवय.

काकींच्या हातात मी सहा हजारांच्या वर आणखी थोडे ठेवले. भिशीचा हिशेब आईने कधीच पुरा केला होता, पण माझ्या मनातून तो गेला नव्हता. त्या घेणार नाहीत, असं आईचं ठाम मत होतं. त्यांनी ते लगेच घेतले आणि पदराला बांधले. “दे की. पत्र्याचा भाव काय झालाय ठाऊक हाय का? तवाच घातला असता तर निम्म्यात झाला असता.” मला इतकं मोकळं वाटलं! आजवर या विषयावरच्या सगळ्या गोष्टींमध्ये मी देणारे हात जोडून नको नको म्हणताना पाहिले होते, आणि इथे एक बाई सरळ सांगत होती की हो, तुझ्यापायी माझं नुकसान झालं होतं, आणि एवढं झालं होतं.

आत्तीची बोरमाळ सोडवायला आम्ही दोघी पतसंस्थेत गेलो. तिथून ती मला थेट ओळखीच्या सोनाराकडे घेऊन गेली आणि तारणपावतीवरच्या वजनाशी ताडून मणी वजन करून घेतले. वजन बरोबर भरलं. मगच तिने माळ गळ्यात घातली, दुकानातल्या आरशात पाहिलं आणि “चल, आता चहा पाज, पगारवाली हाईस न्हवं?” म्हणाली. त्यानंतर आमच्या घराण्यातल्या ज्या ज्या मुलीला शिकायला पैसे लागले तिला आत्तीने माझ्याकडे पाठवलं आहे, चिठ्ठी नाही, फोन नाही. मुलगी येते आणि म्हणते, “आत्तीनं सांगितलंय, तुमच्याकडनं घ्यायचं आणि हिशेब ठेवायचा.”

मंडळाचे तीन हजार परत केल्यावर त्यांनी छापील पावती दिली. माणसांचं देणं फेडल्याची ती एकच पावती. तेव्हापासून दर वर्षी पूजेच्या वर्गणीचं पत्र आप्पांच्या नावाने न येता माझ्या नावाने येतं. ‘परतफेडीची मदत’ हे खातं मंडळात अजून चालू आहे असं ऐकते, आणि त्यावरून दर बैठकीला भांडणंही होतात.

आता मी कोल्हापुरातल्या एका हॉस्पिटलात वॉर्ड इन्चार्ज आहे. कर्जाचे अर्ज २०१५ पासून विद्यालक्ष्मी पोर्टलवर भरता येतात, घरबसल्या तीन बँकांकडे एकदम. आमच्या आया, लॅबमधली माणसं, सिस्टर, सगळ्यांची पोरं आता शिकतात, कोणी फार्मसी, कोणी डिप्लोमा. पोर्टल चांगलं आहे. पण प्रवेशाचं पत्र आणि पुष्कळदा पहिल्या हप्त्याची पावती हे कागद बँका अजूनही मागतात, आणि जून उजाडला की ड्युटी बदलताना हँडओव्हरच्या टेबलापाशी कोणीतरी हळूच विचारतं, “सिस्टर, यंदाची भिशी कोणाची?”

आमची भिशी बारा जणींची, महिन्याला दोन हजार, म्हणजे २४ हजारांची. काही वर्षांपूर्वी आम्ही नियम केला की जून, जुलै आणि ऑगस्ट या महिन्यांत चिठ्ठी काढायचीच नाही. ज्यांना फी भरायची आहे त्यांनी तीन नावं आपसांत ठरवायची आणि पैसे उचलायचे. कोणाला मागावं लागू नये, आणि कोणाला आपला नंबर सोडून थोरपण घ्यावं लागू नये. मला हा नियम फार आवडला होता, कारण तो मीच सुचवला होता.

या वर्षी थिएटरमधल्या एका सिस्टरांनी त्याला हरकत घेतली. त्यांचं लग्न झालेलं नाही, मूल नाही, घरात ऐंशीला टेकलेली आई आहे. “तुमच्या पोरांच्या फीला महिने ठरलेले असतात,” त्या म्हणाल्या, “माझ्या आईचा गुडघा कुठल्या महिन्यात जाईल ते मी आधी सांगू शकत नाही. म्हणजे मी कायम तुमच्या मागे.” कोणाला उत्तर देता आलं नाही. एकीने सुचवलं की वर्षातली एक भिशी आजारपणासाठी राखून ठेवू. दुसरी म्हणाली, मग ती वर्षभर कोणी उचललीच नाही तर पैसे कोणाकडे राहणार? तिसरीने बोलीची भिशी करू म्हटलं, त्यावर दोन मावश्या उठून जायला निघाल्या. त्यांच्या पगारात बोली लावणं जमणार नव्हतं आणि तसं त्या तोंडावर बोलल्या.

थिएटरच्या सिस्टरांचं म्हणणं मला पटलं आहे. माझा नियम जसाच्या तसा राहणार नाही, हेही दिसतंय. एक तारखेला संध्याकाळच्या ड्युटीनंतर सगळ्याजणी पुन्हा बसणार आहोत. जुलैचे २४ हजार फार्मसीला जाणाऱ्या मुलीच्या आईला द्यायचे आहेत, तिची मुदत पाच तारखेपर्यंत आहे, त्यामुळे ते आधी देऊन टाकायचे आणि भांडण नंतर करायचं, एवढंच तूर्त ठरलं आहे.